गिलावा केलेली खोली

कफर्णहूमच्या घरांना धड पाया नव्हता. आसपास विखुरलेले काळे दगड उचलायचे, न घडवता एकावर एक रचायचे आणि फटींत गोटे नि माती कोंबायची, की भिंत उभी राहायची. तिला चुन्याचा स्पर्श नसे. असल्या भिंतींवर जड छप्पर पेलत नाही, म्हणून वर हलके वासे, त्यांवर काटक्या-गवत आणि शेवटी चोपलेल्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी ती माती पुन्हा दाबून बसवावी लागत असणार. छपरावर जायला अंगणातून दगडी पायऱ्या असत. तीन-चार कुटुंबांमध्ये मिळून एक अंगण, आणि तिथेच भट्टी, तिथेच जाते, तिथेच मुलांचा गोंगाट. तो काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. ज्या लाव्हाच्या खडकात आपल्याकडे लेणी कोरली गेली आणि सह्याद्रीवर गडांचे तट उभे राहिले, त्याच जातीचा. महाराष्ट्रातल्या माणसाला त्या गावाच्या भिंती पाहताना परके वाटायचे कारण नाही.

हे गाव गालील समुद्राच्या वायव्य काठावर वसले होते. नाव समुद्राचे असले, तरी तो गोड्या पाण्याचा तलाव आहे आणि सागरसपाटीपासून दोनशे मीटरहून अधिक खाली आहे. येशूने नासरेथ सोडले आणि इथे मुक्काम हलवला, असे मत्तय सांगतो. येशूचा शिष्य शिमोन पेत्र आणि त्याचा भाऊ अंद्रिया यांचे घर इथलेच. जकातनाक्यावरून उठून येशूमागे गेलेला जकातदारही याच गावचा. इथे नाका असण्याला कारण होते. तलावाच्या वरच्या अंगाला हेरोद अंतिपासचा मुलूख संपून त्याचा भाऊ फिलिप याचा सुरू होत असे, आणि दमास्कसकडे जाणारा व्यापारी रस्ता गावाजवळून जाई. सम्राट हेड्रियनच्या काळातला एक मैलाचा दगड उत्खननात मिळाला आहे, त्यामुळे इथून मोठा रस्ता जात होता याबद्दल शंका उरत नाही.

गाव मात्र लहान. पूर्वीच्या काही अभ्यासकांनी लोकसंख्या दहा हजारांच्या पुढे नेली होती. आज हजाराच्या आसपासचे आकडे जास्त पटतात. इथे रोमन नगराची ऐट नव्हती. नाट्यगृह, संगमरवरी चौक, आखून काढलेले रस्ते यांतले काहीच नव्हते. मासे, धान्य, ऑलिव्हचे तेल आणि काळ्या दगडाची जाती, यांवर गाव जगत होते. तलावात चालणारी नाव कशी असे, हेही आता ठाऊक आहे. 1986 साली दुष्काळात पाणी खूप मागे हटले, तेव्हा दक्षिणेकडच्या गिनोसार वस्तीतल्या दोन मच्छीमार भावांना चिखलात एक जुनी नाव दिसली. लांबी आठ मीटरच्या वर, काळ साधारण येशूचाच. तिच्यात निरनिराळ्या झाडांचे, दुसऱ्या नावांतून काढलेले लाकूड जागोजागी जोडलेले होते. एकेक फळी वाचवून जगणाऱ्या माणसांची ती नाव होती.

मार्कच्या शुभवर्तमानातली पक्षघाती माणसाची गोष्ट या घरांसमोर ठेवून वाचली, की तिचा अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. दारात गर्दी मावत नाही, म्हणून चौघेजण रुग्णाला छपरावर नेतात, छप्पर उकरतात आणि खाट खाली सोडतात. दगडी पायऱ्या आणि मातीचे छप्पर असलेल्या घरातच हे शक्य आहे. लूक तीच गोष्ट सांगताना कौलांचा उल्लेख करतो. तो ग्रीक शहरी वाचकांसाठी लिहीत होता आणि त्याच्या डोळ्यांपुढे शहरातली घरे असावीत. कफर्णहूमच्या त्या काळच्या घरांत कौलारू छपराच्या खुणा मिळत नाहीत. इथे कुदळीने मार्कची बाजू घेतली आहे. श्रद्धेच्या ग्रंथाशी पुरातत्त्वाचे नाते कसे असू शकते, याचे हे मला सर्वांत आवडणारे उदाहरण आहे. त्यातून चमत्कार खरा ठरत नाही आणि खोटाही ठरत नाही. गोष्ट सांगणाऱ्याला त्या घरांची माहिती होती, एवढे मात्र दिसते.

मग हे गाव विसरले गेले. येशूनेच त्याला अधोलोकापर्यंत खाली जाशील असे बजावले होते, आणि मध्ययुगातल्या यात्रेकरूंना त्या शब्दांची आठवण होत असे. तेराव्या शतकात आलेल्या बर्चार्ड नावाच्या भिक्षूला इथे गरीब कोळ्यांची जेमतेम सात घरे दिसली. पुढे तीही गेली. अरबी बोलणारे लोक त्या ढिगाऱ्याला तल हूम म्हणत. 1838 साली एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन अभ्यासक तिथे पोचला. बायबलमधली ठिकाणे स्थानिक अरबी नावांवरून ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गवतात पडलेले पांढऱ्या दगडाचे कोरीव खांब त्याने टिपून ठेवले, आणि हे यहुदी सभास्थान असल्याचे पुढे त्यानेच ओळखले. पण कफर्णहूम म्हणून त्याने बोट ठेवले ते दुसऱ्याच जागेवर, काही किलोमीटरांवरच्या खान मिनयावर. 1866 मध्ये ब्रिटिश अधिकारी चार्ल्स विल्सन याने तल हूमला खणून पाहिले आणि हेच कफर्णहूम असे ठामपणे म्हटले. तो वाद आता मिटला आहे.

ओळख पटली आणि अवशेषांवर संकट आले. बांधकामासाठी कोरीव दगड उचलून नेले जाऊ लागले. 1894 साली पवित्र भूमीची देखभाल करणाऱ्या फ्रान्सिस्कन संघाने जागेचा मोठा भाग विकत घेतला. त्यांनी भोवती भिंत घातली आणि उघडे पडलेले काही अवशेष पुन्हा मातीखाली झाकून टाकले. मिळालेला ठेवा पुरायचा निर्णय घ्यायला धीर लागतो. त्या साधूंचा तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो. उरलेला पूर्वेकडचा भाग ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चकडे आहे, आणि त्याची हकीकत पुढे येईल.

1905 मध्ये हाइनरिख कोल आणि कार्ल वात्सिंगर हे जर्मन संशोधक सभास्थानाचा अभ्यास करून गेले. फ्रान्सिस्कनांनी काम पुढे चालू ठेवले. पहिल्या महायुद्धानंतर ते गाउदेन्सियो ऑर्फाली या पॅलेस्टिनी फ्रान्सिस्कन धर्मगुरूकडे आले. तो नासरेथचाच, म्हणजे येशूच्या बालपणीच्या गावचा. त्याने सभास्थानाचे खांब आणि भिंतींचा काही भाग पुन्हा उभा केला. 1921 मध्ये सभास्थानाच्या दक्षिणेला, हाकेच्या अंतरावर, त्याला एका अष्टकोनी इमारतीच्या भिंती सापडल्या. फरशीवर रंगीत दगडांची नक्षी होती आणि मधोमध पिसारा फुलवलेला मोर. ऑर्फाली उत्साही होता. पांढरे सभास्थान येशूच्याच काळातले, त्याचा उपदेश याच भिंतींनी ऐकला, असे त्याने मांडले. 1926 मध्ये मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला आणि काम थांबले.

ते पुन्हा सुरू झाले 1968 मध्ये. व्हिर्जिलियो कोर्बो आणि स्तानिस्लाओ लोफ्रेदा हे दोघेही फ्रान्सिस्कन धर्मगुरू आणि दोघेही प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञ. त्यांनी अष्टकोनाच्या खाली उतरायचे ठरवले. तो अष्टकोन म्हणजे पाचव्या शतकातले चर्च होते, आणि त्याच्या नक्षीखाली चौथ्या शतकातली एक वास्तू निघाली: जुन्या घरांचा एक समूह, त्याभोवती बांधलेली आवारभिंत, आणि मधोमध एक खोली जिचे छप्पर पेलण्यासाठी कमान बांधली होती. त्या खोलीच्या खाली ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास बांधलेले साधे घर होते, गावातल्या इतर घरांसारखेच, काळ्या दगडांचे. अष्टकोनाचा मध्य नेमका याच खोलीवर येत होता. चर्च बांधणाऱ्याला कोणती जागा जपायची आहे, ते पक्के ठाऊक होते.

खोली साधारण सहा-सात मीटर लांबीरुंदीची. तिच्यात एक गोष्ट वेगळी होती. तिच्या जमिनीला आणि भिंतींना चुन्याचा गिलावा होता, आणि तो एकदा नव्हे तर अनेक थरांत केलेला. उत्खननात निघालेल्या कफर्णहूमच्या इतर घरांत गिलावा नाही. थरांच्या मध्ये मातीच्या दिव्यांचे तुकडे आणि मासेमारीचे गळ मिळाले. उत्खननकर्त्यांच्या म्हणण्यानुसार, पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात या खोलीतली स्वयंपाकाची भांडी संपतात आणि दिवे नि साठवणीची मडकी उरतात. म्हणजे घर राहण्याचे थांबले आणि लोक जमण्याचे झाले. पडलेल्या गिलाव्याच्या तुकड्यांवर यात्रेकरूंनी कोरलेले शंभराहून अधिक लेख आणि खुणा सापडल्या. बहुतेक ग्रीक, काही सिरियाक आणि अरामाईक. त्यांत येशूचे नाव आहे, क्रूस आहेत, दया कर अशी याचना आहे. दोन ठिकाणी पेत्राचे नाव असल्याचे एमानुएले तेस्ता याने 1972 मध्ये प्रसिद्ध केले.

बातमी जगभर गेली. पेत्राचे घर सापडले! पहिला पोप ज्या घरात राहिला, जिथे त्याची सासू तापाने पडली होती आणि येशूने हात धरून तिला उठवले, ते घर.

इथे थांबून विचार करायला हवा, आणि तसा अनेकांनी केला. जेम्स स्ट्रेंज आणि हर्शल शँक्स यांनी 1982 मध्ये पुरावा पुन्हा तपासला. गिलाव्यावर पेत्राचे नाव असल्याचा दावा त्यांना पुरेसा भक्कम वाटला नाही. अक्षरे तुटक आहेत, वाचन कल्पनेवर चालले आहे, ही शंका आजही कायम आहे. जोन टेलर या इतिहासकार विदुषीने 1993 च्या आपल्या ग्रंथात त्याहून मोठा प्रश्न विचारला. पॅलेस्टाईनमधली ख्रिस्ती तीर्थे खरोखर पहिल्या शतकापासून चालत आली, की चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती झाल्यावर ती ठरवली गेली? गिलाव्याचे सगळ्यांत जुने थर नक्की केव्हाचे, हे ती सहज मान्य करत नाही. कोरलेले लेखही मुख्यतः उशिराच्या काळातले.

या टीकेत वजन आहे, आणि ते नाकारून श्रद्धेचे काही भले होत नाही. पण माझे मत कोर्बो आणि लोफ्रेदा यांच्याकडे थोडे झुकते. ज्या जागेला काहीच मागची आठवण नव्हती, तिथे चौथ्या शतकात कोणी नवे तीर्थ रचायला बसले असते, तर त्याने मोकळ्या जागी भव्य वास्तू उभी केली असती. इथे उलट झाले. कोळ्यांच्या वस्तीतली एक दुबळी, वाकडी खोली जपण्यासाठी तिच्या भिंती राखून आत कमान घालण्याची खटपट केली गेली. 380 च्या दशकात आलेल्या एगेरिया या यात्रेकरू स्त्रीच्या नावावर एक वर्णन चालत आले आहे, ते बाराव्या शतकातल्या एका मठवासीयाच्या संकलनातून. प्रेषितांच्या प्रमुखाच्या, म्हणजे पेत्राच्या, घराचे चर्च झाले आहे आणि त्याच्या भिंती आजही पूर्वीसारख्याच उभ्या आहेत, असा त्याचा आशय. 570 च्या सुमारास पियाचेन्झाहून आलेल्या यात्रेकरूला तिथे पूर्ण बांधलेले चर्च दिसले. पहिलीने घर पाहिले आणि दुसऱ्याने त्यावरचे अष्टकोनी चर्च. जमिनीतले थर आणि प्रवाशांचे शब्द इथे जुळतात. ते घर शिमोन पेत्राचेच होते, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. ते पेत्राचे आहे असे मानणारी माणसे फार जुनी आणि फार निष्ठावान होती, हे सिद्ध होते. माझ्यासाठी तेवढा पुरावा भरपूर आहे.

फ्रान्सिस्कनांची खरी कसोटी लागली ती सभास्थानाच्या बाबतीत. ऑर्फालीचे स्वप्न त्यांच्यापुढे होते. यात्रेकरूंच्या टोळ्या पांढऱ्या खांबांमध्ये उभ्या राहून येशूचा आवाज ऐकू पाहत होत्या. काळ्या गावात चुनखडीच्या पांढऱ्या दगडाची ही इमारत उठून दिसते. दगड मुद्दाम दुरून आणलेला, आणि प्रार्थनागृह चोवीस मीटर लांब. दोन खांबांवर दात्यांची नावे आहेत. एक ग्रीकमध्ये, मोनिमोसचा मुलगा हेरोद आणि त्याचा मुलगा युस्तुस यांचे. दुसरे अरामाईकमध्ये, झबीदाचा मुलगा हाल्फू याचे. कोल आणि वात्सिंगर यांनी या वास्तूचा काळ दुसरे-तिसरे शतक ठरवला होता आणि बहुतेकांना तो मान्य होता. कोर्बो आणि लोफ्रेदा यांनी फरशीखाली खणले आणि नाणी निघू लागली. शेकडो, मग हजारो. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातली आणि पाचव्या शतकातली लहान तांब्याची नाणी भरावात मिसळलेली. फरशी बसवल्यानंतर ती आत जाणे शक्य नव्हते. म्हणजे हे सभास्थान चौथ्या शतकाच्या अखेरीचे किंवा पाचव्या शतकातले.

आपल्याच संघातल्या दिवंगत बंधूचे मत त्यांनी स्वतःच्या कुदळीने खोडून काढले. खाली काळ्या दगडाच्या जुन्या भिंती आहेत. त्यांना त्या पहिल्या शतकातल्या सभास्थानाच्या वाटतात, कदाचित लूकने उल्लेखलेल्या शताधिपतीने बांधून दिलेल्या सभास्थानाच्या. पण तिथेही सगळे सहमत नाहीत. चार खंडांत त्यांनी वास्तू, भांडी, नाणी आणि कोरीव लेख प्रसिद्ध केले, ज्यात विरोधकांना लागणारा मालमसालाही होता. इस्रायली अभ्यासकांनी नव्या कालनिर्णयावर जोरदार आक्षेप घेतला. त्या काळी रोमन राज्यात ख्रिस्ती सम्राट होते, आणि पाचव्या शतकात त्यांनी नवी सभास्थाने बांधण्यास कायद्याने बंदी घातली. मग यहुदी लोक इतकी देखणी इमारत, तीही चर्चच्या समोर, कशी उभी करतील? हा वाद बरीच वर्षे तापला. आज बहुतेकांनी नाण्यांचा कौल मानला आहे. काही जण तर तिला सहाव्या शतकापर्यंत खाली आणतात.

मला यातली सर्वांत थोर गोष्ट दिसते ती अशी. कायद्याच्या पुस्तकांत एक गाव होते आणि तलावाकाठी दुसरेच. चौथ्या शतकातला बिशप एपिफानियस लिहितो की कफर्णहूम पूर्णपणे यहुदींचे होते आणि तिथे इतर कोणाला वस्ती नव्हती. तरीही तिथेच ख्रिस्ती यात्रेकरू येत होते, घराच्या गिलाव्यावर आपली नावे कोरत होते, तेल-मीठ विकत घेत होते. पाचव्या शतकात एकीकडे अष्टकोनी चर्च उभे राहिले, दुसरीकडे सभास्थानाचे खांब. मध्ये फक्त काही काळी घरे. या शेजारात स्पर्धा होती, रागही असणार. यात्रेकरूंचा पैसा सभास्थानालाही लागला असावा असे काही अभ्यासक सुचवतात, आणि मला ते पटण्यासारखे वाटते. चर्चच्या मोराइतकीच सभास्थानाच्या शिल्पातली चाके लावलेली मंदिराकृती गाडी या गावाची आहे.

सातव्या शतकात अरब आले आणि गाव लगेच संपले नाही. ग्रीक ऑर्थोडॉक्स भागात वासिलिओस त्साफेरिस यांनी 1978 पासून उत्खनन केले, तेव्हा दिसले की वस्ती थोडी पूर्वेकडे सरकली आणि मुस्लिम अमलात अनेक पिढ्या टिकली. 1982 मध्ये तिथे उमय्याद काळातल्या 282 सोन्याच्या दिनारांचा ठेवा मिळाला. गाव सोडून पळणाऱ्या भिकाऱ्यांकडे एवढे सोने नसते. 749 च्या भूकंपाने या भागाला मोठा तडाखा दिला, तरी त्यानंतरही लोक राहत होते.

1990 मध्ये पेत्राच्या घरावर नवे चर्च उभे राहिले. वास्तुकार इल्दो अवेता यांनी ते अष्टकोनी आखले. अवशेषांपासून वर उचलून धरलेली ही इमारत खांबांवर पेललेली आहे आणि मधोमध काचेची फरशी आहे, जिच्यातून खाली ती खोली दिसते. पुरातत्त्वाच्या दृष्टीने हा फार चांगला निर्णय होता असे मला वाटत नाही. जड सिमेंटच्या सावलीत अवशेष गुदमरतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो अष्टकोन आधी दिसतो, घर नंतर. पण त्या फरशीवर आजही मिस्सा होते, आणि या वेळी ती खोली पाडून तिच्यावर काही बांधावे असे कोणाला सुचले नाही, हेही विसरता येत नाही.

प्रश्न अजून एका बाजूने उघडा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र आणि अंद्रिया बेथसैदा गावचे म्हटले आहेत. कफर्णहूमच्या पूर्वेला, तलावाकाठच्या अल-अराज या जागी मोर्देखाई अवियाम आणि स्टीव्हन नॉटली यांच्या पथकाला बायझेंटाइन काळातले एक मोठे चर्च सापडले. 2022 मध्ये त्याच्या फरशीवरचा ग्रीक लेख वाचला गेला. स्वर्गातल्या प्रेषितांचा प्रमुख आणि सेनापती असे त्यात कोणाला तरी संबोधले आहे, आणि हे वर्णन पेत्राचे असते. आठव्या शतकातला प्रवासी विलिबाल्ड बेथसैदात पेत्र आणि अंद्रिया यांच्या घरावरचे चर्च पाहिल्याचे सांगतो. मग घर कोणते? दोन्ही गावांची सांगड घालता येते: जन्म बेथसैदात, लग्नानंतरचा संसार कफर्णहूममध्ये, सासूच्या आधाराने. पण अल-अराजलाच बेथसैदा मानावे की थोडे वरच्या अंगाचे अत-तेल हे ठिकाण खरे, यावरही दोन गट आहेत. अल-अराजला उत्खनन सुरू राहिले आहे. त्या चर्चच्या फरशीखाली पहिल्या शतकातली घरे शोधण्याचे काम तिथल्या पथकाने हाती घेतले आहे.